एकशेवीस वर्षांची तयारी

७ जानेवारी १९६७, शनिवार. बोईसर.
पालघरला डॉक्टरांकडे जाऊन आलो. मला काही होत नव्हतं. मंजुळानं हट्ट धरला म्हणून गेलो. तिचं म्हणणं, स्टेशनचा जिना चढताना मी दोनदा थांबलो. मी गाडीचे डबे मोजायला थांबलो होतो.
प्रेशर १८०/११०. वजन १८५ पौंड. डॉक्टर म्हणाले, "सावे, मीठ कमी. सुकट, सुके बोंबील, लोणचं, पापड बंद. रोज चालायचं. आणि ही पांढरी गोळी, सकाळी एक, चुकवायची नाही." मग विचारलं, वडील कशानं गेले? हार्टनं. कितव्या वर्षी? सेहेचाळिसाव्या. तुमचं वय? पंचेचाळीस. यावर काही बोलले नाहीत, लिहीत बसले. हल्लीच्या डॉक्टरांना बोलण्याची कला नाही.
निश्चय: (१) ही रोजनिशी. कंपनीची डायरी आहे, स्टोअरकीपरला दरवर्षी मिळते, आजवर धोब्याच्या हिशेबाला वापरली. (२) गोळी घ्यायची नाही. गोळी ही दुबळ्याची काठी. मी इच्छाशक्तीनं बरा होणार. बाटली देवाच्या कोनाड्यात गणपतीमागे ठेवून दिली.
जेवणात सुकटीची चटणी. डॉक्टर "बंद" म्हणाले, "आजपासून" म्हणाले नाहीत.

८ जानेवारी, रविवार
बोईसर स्टेशनवर पार्सलच्या काट्यावर वजन केलं. पार्सलबाबू ओळखीचे. माझ्या आधी काट्यावर पापलेटची टोपली होती, त्यामुळे धोतराला वास लागला. वजन ८४ किलो. यापुढे किलोतच मोजणार. सरकारनं दशमान पद्धत आणली ती उगाच नाही. एका दिवसात १८५ वरून ८४.

१० जानेवारी, मंगळवार
महत्त्वाचा दिवस.
तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या साइटवर डॅल्टनसाहेब म्हणून अमेरिकन इंजिनियर आहेत. त्यांचं घरगुती सामानाचं खोकं तीन आठवडे हरवलं होतं. आज मी शोधून काढलं. (माझ्याच खुर्चीमागे होतं. त्यावर मी टिफिन ठेवत असे.) मिसेस डॅल्टन स्वतः आल्या. खोकं उघडून बघतात तो आत ऑलिव्ह तेलाचे डबे. बाईंच्या डोळ्यांत पाणी.
त्यांनी सगळं सांगितलं. माझं इंग्रजी चांगलं असल्यामुळे बरंचसं कळलं. साहेबांना दोन वर्षांपूर्वी हार्टचा झटका आला. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, भूमध्य समुद्राच्या काठचे शेतकरी आणि कोळी खातात तसं खा. ऑलिव्हचं तेल, मासे, डाळी, फळं, जाडी भाकरी. मटण, लोणी कमी. बाई भाविक. त्यांच्या लक्षात आलं, हे तर आपल्या बायबलातलंच अन्न. म्हणून त्यांनी दोन पानं टाइप केली. त्याची कार्बन कॉपी मला भेट दिली. वर छोटा क्रूस छापलेला.
सात पदार्थ: गहू, जव, द्राक्षं, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, मध. शिवाय मासे आणि मसूर. हे खाऊन मोझेस एकशेवीस वर्षं जगला आणि शेवटपर्यंत चष्मा लागला नाही.
भात कुठेही नाही! मंजुळाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिकडे पिकत नसेल. मी म्हटलं, विषय तो नाही.
उद्यापासून सुरुवात.

११ जानेवारी
संक्रांत तीन दिवसांवर. मध्येच सुरू करून मोडण्यात अर्थ नाही.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत.
तिळगूळ, अकरा वड्या. तीळ हे बी आहे. बियांबद्दल पानांत वाईट काही लिहिलेलं नाही.

१६ जानेवारी, सोमवार
सुरुवात!
अर्धी रजा टाकून पालघर. ऑलिव्ह तेल कुठल्याच किराणावाल्याकडे नाही. शेवटी केमिस्टकडे मिळालं. दोन औंसांची बाटली. त्यानं विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" मी म्हटलं, बाळ नाही, मला स्वतःला पाहिजे. तर म्हणतो, अंगाला कोमट करून लावा आणि उन्हात पडा.
जव किराणावाल्याकडे नाही, पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळाले. दुकानदारानं हळू आवाजात विचारलं, "घरात कोणाचं कार्य?" मी म्हटलं, माझंच. त्यानं पैसे घेताना वर पाहिलं नाही.
अंजिराची माळ घेतली. मध मनोरच्या बाजारातून मागवला. डाळिंबं दोन, त्यातलं एक किडकं. द्राक्षं नाहीत.

१७ जानेवारी
जवाची भाकरी मंजुळाकडून करवली. तिनं तीनदा विचारलं, थापू कशी, चिकटत नाही. मोझेसच्या बायकोनं कशी थापली असेल ते पानांत नाही. भाकरी ताटात पडली तेव्हा आवाज आला. अर्धी खाल्ली. जबड्याला व्यायाम हा वेगळा फायदा.
मसुराच्या आमटीवरून गोष्ट सांगितली. बायबलात एका मोठ्या भावानं वाटीभर मसुराच्या आमटीसाठी थोरलेपणाचा हक्क धाकट्याला विकला. मंजुळा म्हणाली, आमटी करणाऱ्याचा हात चांगला असणार.
मूळ मुद्दा तिच्या लक्षात येत नाही. दोन औंस तेल पुरणार नाही म्हणून संध्याकाळी तिला वाटी देऊन डॅल्टनबाईंकडे पाठवलं, वाटी रिकामीच परत आली.

१८ जानेवारी
सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात जवाचं पीठ आणि मध. हे पेय माझं मी शोधलं. मंजुळा म्हणाली, मी करून देत जाईन रोज, तुम्ही ढवळायला जाता नि सांडता. मला बरं वाटलं. तिचाही विश्वास बसतो आहे.

२० जानेवारी
ऑलिव्ह तेलात वांगं परतवलं. बाटली संपली. वांगं कोरडंच.
मंजुळा कपाळाला सुंठ लावून बसली होती. डोकं दुखतं म्हणे. ऑलिव्हच्या वासाचं निमित्त.

२४ जानेवारी, मंगळवार
दुपारचे तीन वाजले. स्टोअरमध्ये पाइप मोजत असताना अद्भुत शांती वाटली. पुन्हा मोजायला बसलो, पुन्हा शांती. पावणेपाचला हमालानं हलवलं.
आहाराचा परिणाम इतका लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

२७ जानेवारी
नाक चोंदलंय. शरीरातलं विष बाहेर पडत असावं. पानांत लिहिलेलं नाही, पण तर्क तसा आहे. स्वप्नं फार पडतात. काल स्वप्नात मोझेस पार्सलच्या काट्यावर उभा होता.
जेवण अळणी लागतं. रेशनच्या मिठात दम राहिला नाही.

३० जानेवारी, सोमवार
पहिला अपवाद. तो अपवाद नाहीच म्हणा. स्टेशनजवळच्या इराण्याकडे ब्रून मस्का. ब्रून म्हणजे कडक पाव, शेवटी गहूच. गहू पहिल्या क्रमांकावर आहे.
मस्का लावून आला, तो खरवडून काढणं बरं दिसत नव्हतं.

२ फेब्रुवारी
बटाटेवडे दोन. बटाट्याचा बायबलात उल्लेख नाही. पण निषेधही नाही. सगळं शोधलं.

५ फेब्रुवारी, रविवार
द्राक्षारसाचा प्रश्न सोडवला. दारूचं परमिट माझ्याकडे नाही, आणि कायदा मोडणारा मी माणूस नाही. नीरा चालते. नीरा हे झाडाचं फळ नसलं तरी झाडाचंच काहीतरी. सकाळी सातला एक बाटली घेतली. नीरा सातला नीरा असते. मी कामाच्या गडबडीत साडेबाराला प्यालो. मधल्या वेळात बाटली उन्हात होती.
दुपारी मंजुळाला मोझेस समुद्र दुभंगून कसा पलीकडे गेला ते प्रात्यक्षिकासह दाखवलं. पाट मोडला.

८ फेब्रुवारी, बुधवार
लाडकी आली होती. दांडी गावची कोळीण, आमच्याकडे वर्षानुवर्षं मासे घालते. टोपली उतरवायच्या आधीच मंजुळाला विचारते, "वैनी, भाऊ किरिस्ताव झालं काय? दांडीत समदे बोलतात." मी बाहेर आलो. कोण बोलतं? तर म्हणे, मी डॅल्टनबाईंच्या बंगल्यावर जातो, क्रूस असलेला कागद खिशात ठेवतो, आणि रस्त्यानं हातात माळ घेऊन पुटपुटत चालतो.
माळ अंजिराची होती! आणि मी पुटपुटत नव्हतो, चावत होतो.
समजावून सांगितलं. लाडकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हा की, आमी कुठं नाय बोलतो? नाताळला केक तेवढा द्या." मंजुळा हसत होती. तोंडाला पदर लावून, पण हसत होती.

११ फेब्रुवारी
विचार केला. गैरसमज दूर करण्याचा एकच मार्ग: जाहीर व्याख्यान. वाचनालयाच्या चिटणिसांना भेटलो. इलेक्शनच्या सभा संपल्या की हॉल रिकामा. २६ तारीख ठरली. विषय: "बायबलकालीन आहार आणि आपले दीर्घायुष्य". फळ्यावर जागा पुरली नाही म्हणून त्यांनी "बायबल आणि आपले श्री. सावे" असं लिहिलं.

१८ फेब्रुवारी, शनिवार
इराण्याकडे आतल्या बाजूला, खांबाआड, माझ्या नेहमीच्या टेबलावर कोणीतरी बसलेलं. डॅल्टनसाहेब! समोर बटाटेवड्यांची प्लेट. चार. मिरचीसकट.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग साहेबांनी खुर्ची सरकवून दिली. मी बसलो. त्यांनी प्लेट मध्ये ठेवली.
मोठ्या माणसांची मैत्री अशीच होते.

२६ फेब्रुवारी, रविवार
व्याख्यान झालं. अपूर्व यश. हॉल भरून बाहेर माणसं. वाचनालयाच्या इतिहासात एवढी गर्दी नाही, असं चिटणीसच म्हणाले.
अध्यक्षांनी माझी ओळख करून द्यायला सुरुवात केली. ते दीर्घ बोलले. मला ती शांती आली. जागा झालो तो टाळ्यांनी. आभारप्रदर्शन चाललेलं होतं. माझं व्याख्यान अध्यक्षांनीच टिपणावरून वाचून दाखवलं, असं कळलं. चांगलं झालं असावं.
प्रश्नोत्तरांत एकच प्रश्न: "नाव बदललं की तेच?"

१ मार्च, बुधवार
पालघरजवळच्या माहीमहून सासरे आले. तात्या. वय सत्त्याहत्तर, पानवेलीची बाग अजून स्वतः शिंपतात. एक करंडी विड्याची पानं, सहा नारळ, आणि चेहरा असा की पंचनाम्याला आले आहेत.
चहा घेतला. मग म्हणाले, "जावईबापू, आमच्या शेजारी किरिस्ताव हायेत, चांगली माणसं. तुमाला बाटायचं तर बाटा. पण माझ्या लेकीला उपाशी नका मारू. ती वाळली." मी मंजुळाकडे पाहिलं. वाळलेली वाटली नाही. नेहमीसारखीच वाटली. नेहमी कशी दिसते ते मात्र लगेच आठवेना.
त्यांना दोन्ही पानं मराठी करून वाचून दाखवली. एकशेवीस वर्षं ऐकल्यावर तात्या म्हणाले, "एवढी वरसं करायचं काय?"
प्रश्न लिहून ठेवला आहे, विचार करायचा.
जेवायला तात्यांना जवाची भाकरी वाढली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि नम्रपणे बाजूला ठेवली. गेले तेव्हा भाकरी खिडकीत, कौलाच्या तुकड्याशेजारी होती. त्यातली भाकरी कोणती ते पटकन कळलं नाही.

४ मार्च
काटा: ८५ किलो. पार्सलबाबू म्हणाले, काट्यात दोष असेल. समजूतदार माणूस.

६ मार्च, सोमवार
निर्णय. डॅल्टन पतिपत्नींना शनिवारी जेवायला बोलावलं. संपूर्ण बायबलकालीन जेवण. मंजुळा म्हणाली, मी करते काहीतरी. मी म्हटलं, तू काही करायचं नाही, हा माझा प्रयोग आहे. ती म्हणाली, बरं. फार लवकर "बरं" म्हणाली.

११ मार्च, शनिवार. वेळ सकाळ, ९.
मेनू: जवाची भाकरी, ऑलिव्हमधली वांगी (मिसेस डॅल्टननी वाटीभर तेल दिलं), मसूर, अंजीर, डाळिंब, मध. मासा विस्तवावर भाजलेला, मीठमसाला न लावता, गालिली समुद्राच्या पद्धतीनं. लाडकीकडून घोळ घेतली. तिनं विचारलं, वैनी आजारी हाय? मी म्हटलं, नाही, मी स्वयंपाक करणार आहे. तिनं देवाचं नाव घेतलं.

त्याच दिवशी, नंतर
सविस्तर लिहिणं भाग आहे.
पाहुणे आले. साहेब मांडी घालून बसले, गुडघे कानाशी. मी बायबलातली वचनं म्हणून दाखवली. बाई खूश. मग वाढलं. मासा एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं अजून अरबी समुद्रात. साहेबांनी भाकरी तोंडात घातली. सगळ्यांनी आवाज ऐकला. त्यांनी ती सभ्यपणे बाहेर काढून ताटात ठेवली. इकडेतिकडे पाहिलं. आणि मंजुळाकडे बघून, फार आशेनं, शुद्ध मराठीत म्हणाले, "वडा?"
बाईंनी हातातलं डाळिंब खाली ठेवलं.
मिसेस डॅल्टननी इंग्रजीत विचारलं, हा शब्द तुम्हाला कोणी शिकवला? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डाळिंबाकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "सावे."
अमेरिकन माणसावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.
सगळं बाहेर आलं. इराणी, खांब, आठवड्यातून तीन दिवस. (साहेब पाच म्हणाले. त्यातले दोन ते एकटे गेले असतील.) मला वाटलं, आता बाई रडणार. त्या आणि मंजुळा एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मंजुळा उठून आत गेली आणि पातेलं घेऊन आली. घोळीचं कालवण. अर्धी घोळ तिनं सकाळीच बाजूला काढली होती. मागून भात, केळफुलाची भाजी. "बरं" म्हणाली होती ती याचसाठी.
साहेबांनी तीनदा भात घेतला. बाईंनी दोनदा. मी पानांप्रमाणे घेणार नव्हतो, पण यजमानानं न जेवणं बरं दिसत नाही. चारदा.
नंतर दोघी स्वयंपाकघरात. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी. अर्धा तास बोलत होत्या. मी पाणी प्यायला गेलो तर मंजुळा मधाची बाटली आणि चमचा दाखवून काहीतरी हातवारे करत होती, आणि मिसेस डॅल्टन पोट धरून हसत होत्या. मला बघून दोघी गप्प. मधाचं महत्त्व मी घरात रुजवलं एवढं खरं.

१३ मार्च
साहेब आज इराण्याकडे नव्हते. मीही नव्हतो. (खात्री करायला गेलो होतो.)

२५ मार्च, शनिवार. होळी.
पुरणपोळ्या पाच. गहू आहे, डाळ आहे. गूळ म्हणजे उसाचा मध.

२ एप्रिल, रविवार
आज सेहेचाळीस पूर्ण. उगाच नोंद.
वडील पाटावर बसले होते, ताटापुढे. पहिला घास हातात होता. मी अकरा वर्षांचा. तो घास तसाच मुठीत राहिला होता, आईनं सोडवून घेतला.
आज जेवायला पाटावर न बसता उभ्यानं जेवलो. मंजुळानं कारण विचारलं नाही. तीही उभी राहिली, भिंतीला टेकून. आम्ही दोघं घोड्यांसारखे जेवलो.
दिवसभरात काही झालं नाही. (नोंद.)

३ एप्रिल, सोमवार
पालघर. डॉक्टर. मीच म्हटलं, चला, प्रयोगाचा निकाल घेऊ.
प्रेशर १४०/९०!
मी पानं काढली. सात पदार्थ, मोझेस, सगळं सांगायला सुरुवात केली. डॉक्टर ऐकत होते. मग मंजुळाला म्हणाले, "वहिनी, छान. एकही दिवस चुकवलेला दिसत नाही. मधातून नीट जाते ना?"
मी म्हटलं, काय जाते?
डॉक्टरांनी फाइल उघडून मिटली.
म्हणजे: अठरा जानेवारीपासून रोज सकाळी. गोळी खलात कुटून. माझ्या पेयात. बाटली संपल्यावर दुसरी, ती संपल्यावर तिसरी. युक्ती मिसेस डॅल्टन यांची. मी जानेवारीत मंजुळाला त्यांच्याकडे रिकामी वाटी घेऊन तेल मागायला पाठवलं होतं. तिथे बाई साहेबांची गोळी मधात कालवत होत्या. मंजुळानं बघितलं. दोघींना भाषेची गरज पडली नाही. तिनं नंतर डॉक्टरांना मात्र विचारून घेतलं होतं.
डॉक्टर म्हणाले, नाक चोंदणं, झोप येणं हे त्या गोळीनंच. मी म्हटलं, झोप नव्हती, शांती होती. ते म्हणाले, बरं, शांती.
जेवण अळणी होतं तेही रेशनमुळे नाही. मीठ तिनंच निम्मं केलं होतं.
फसवणूक. बावीस वर्षांच्या संसारात पहिली. निदान मला कळलेली पहिली.
निघताना डॉक्टर तिला म्हणाले, "बसा, तुमचंही बघून टाकतो." ती म्हणाली, माझं कशाला, मला काय धाड भरलीय. तरी बसली. डॉक्टरांनी एकदा पट्टा फुगवला. मग दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा फुगवला. १९५/११५.
याआधी कधी तपासलं होतं? कधीच नाही. डोकं दुखतं? कधी कधी. खाता काय? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांनी सोडलेली सुकट घरात होती. दोन बरण्या लोणचं. पापड वर्षाचे केलेले. टाकायचं कुठं? मीच संपवते."
डॉक्टर पुन्हा लिहीत बसले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मी रागावलेला होतो, तो राग कोणावर ते ठरत नव्हतं. म्हटलं, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर घेतली असती?"
मी उठून गणपतीमागची बाटली बघून आलो.
मग म्हणाली, "आपली सुलू सासरी गेली. घरात आपण दोघंच. तुमी तुमच्या बाबांसारखे गेला असता तर मी कोणाला सांगणार होते, की ऑलिव्हचा वास येतो?"
मी म्हटलं, आणि तू गेली असतीस तर?
ती म्हणाली, "तो विचार नाय केला मी."
मीही नव्हता केला. मी मोझेसचा करत होतो.

४ एप्रिल, मंगळवार
गोळी मी घेतली, तिनं घेतली. पाण्याबरोबर. कडू आहे. लोणच्याच्या बरण्या लाडकीला दिल्या. तिनं विचारलं, भाऊ, परत हिंदू झालं काय?
डॉक्टरांनी मंजुळाला आठ दिवस पूर्ण विश्रांती सांगितली आहे. ती म्हणते, विश्रांती घ्यायची म्हणजे नक्की करायचं काय?
निश्चय: आठ दिवस स्वयंपाक मी करणार. भात, आमटी, मासा. भाताला काही कठीण नाही. पाणी आणि तांदूळ. स्टोअरमध्ये मी चार हजार प्रकारचे नट-बोल्ट सांभाळतो.

५ एप्रिल, बुधवार
स्टोव्ह पेटायला पाऊण तास. दोनदा भडका. मंजुळा बाहेरच्या खोलीतून सूचना देत होती, मी म्हटलं, तू पड. पाणी किती हे तिनं बोटाच्या पेरावर सांगितलं. तिचं पेर वेगळं, माझं वेगळं, हे कोणी लक्षात घेतलं नाही.
आमटी बरी. मीठ विसरलो, म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीनं उत्तम.
भात खाली करपला, वर कच्चा. मंजुळानं दोन घास खाल्ले, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, मधला चांगला झालाय.
मधला शोधून तिच्या पानात वाढला.